झडप, भोवरे आणि तापलेली तार : टर्बो गाडीतल्या एअरफ्लो सेन्सर बदलाची पार्श्वभूमी

बेळगावात एखादी नळी टर्न करून घ्यायला अडचण नसते. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि फाउंड्रीचं काम जुनं. फ्लँज, ओ-रिंगची खाच, सगळं मापात मिळतं. त्यामुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीचा मूळ एअरफ्लो सेन्सर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर, काढून मोठ्या नळीत दुसरा बसवायचा बेत इथे झटकन पार पडतो. दुखणी सुरू होतात त्यानंतर. नळी चोख असते, पण काढलेला सेन्सर हवा कशी मोजत होता हे कुणी विचारलेलंच नसतं.

बॉश या जर्मन कंपनीने १९६७ साली डी-जेट्रॉनिक ही पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा आणली तेव्हा हवा थेट मोजली जात नव्हती; मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून अंदाज बांधला जाई. पुढच्या दशकात एल-जेट्रॉनिकमध्ये हवेच्या वाटेत स्प्रिंगची झडप बसली. हवा झडप ढकलते, तिच्या दांड्यावरचा पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) फिरतो आणि व्होल्टेज बदलतं. यंत्रणा साधी, पण टर्बोच्या तोंडाशी अडसर. पोर्शे ९४४ टर्बोचे मालक ही झडप काढायच्या मागे लागले ते म्हणूनच.

झडपेच्या डब्यात तिच्याखेरीज आणखीही काही असे: आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि बऱ्याच गाड्यांत फ्यूएल पंपाचा स्विच. डबा गेला की दोन्ही गेले. मग स्टार्टर मारताना गाडी लागते आणि चावी सोडताच बंद पडते. मेस्त्री नव्या सेन्सरला शिव्या देतो, पण त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. पंपाची वायर तोडलेली असते.

मित्सुबिशीने वेगळी वाट धरली. अडथळ्यामागे हवेत ठराविक लयीत भोवरे सुटतात, याचं गणित थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२च्या सुमारास मांडलं होतं. हे भोवरे मोजायचे, म्हणजे ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे) व्होल्टेज जात नाही, फ्रिक्वेन्सी जाते. अशा गाडीत व्होल्टेजवाला सेन्सर नुसता जोडून भागत नाही. मध्ये सिग्नल बदलणारा डबा लागतो आणि तो नीट सेट केलेला लागतो.

तिसरी पिढी तापलेल्या तारेची. १९८२ साली व्हॉल्व्होत एलएच-जेट्रॉनिक आली. प्लॅटिनमची तार हवेपेक्षा ठरावीक गरम ठेवायला जितका करंट लागतो, त्यावरून हवेचं वस्तुमान कळतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की हवा दाट होते. तारेचा सेन्सर हा फरक स्वतःच धरतो. झडपेला तो पुरता कळत नाही. पण तारेला गरम व्हायला १२ व्होल्ट आणि स्वच्छ अर्थिंग लागतं. जुन्या झडपेच्या ५ व्होल्टच्या वायरवर तिला टांगलं की आकडे नाचायला लागतात.

आपल्याकडे ही सगळी पायरी वगळली गेली. २०००च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक होईपर्यंत बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरवर होत्या, आणि टर्बो सर्वसामान्यांच्या दारात आला तो डिझेल गाड्यांतून. कॉमन रेल डिझेलमध्ये हा सेन्सर मुख्यतः ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि धुरावर लक्ष ठेवतो. त्याचा प्लग काढला तरी गाडी कशीबशी पळते. ‘सेन्सर काढून ठेव, काय होत नाही’ ही सवय तिथली. टर्बो पेट्रोलमध्ये पेट्रोलचं माप आणि इग्निशनचं टायमिंग दोन्ही याच आकड्यावर चालतात, तिथे ही सवय महागात पडते.

सगळ्यात घातक चूक नळीच्या व्यासाची. तोच सेन्सर ७० मिलिमीटरऐवजी ८०च्या नळीत बसवला की छेदाचं क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढतं, हवा तारेजवळून मंद जाते आणि सेन्सर खऱ्यापेक्षा जवळजवळ पाव भाग कमी हवा सांगतो. आयडलिंगला आणि हायवेवर सावकाश चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल वाढवून हे झाकून टाकतो, म्हणून ट्रायल छान होते. पण जुन्या टर्बो गाड्या बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा दाबत असताना, ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाहीत. तिथे पेट्रोल कमी पडतं आणि इंजिनवरचा लोड कमी दिसल्यामुळे स्पार्कही लवकर पडतो. मग नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं), आणि नंतर पिस्टन जातो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली टिकाऊ वाढ-घट) अधिक २० टक्क्यांच्या पुढे दिसत असेल तर घाट चढायला जाऊ नये, आधी कॅलिब्रेशन दुरुस्त करावं.

उलटं लक्षण, म्हणजे काळा धूर, दिसलं तर टर्बो ते थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्यातले होज आणि क्लॅम्प आधी तपासावेत. तिथून निसटणारी हवा सेन्सरने आधीच मोजलेली असते आणि तिच्या वाटचं पेट्रोल सोडलेलं असतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोची जादा हवा बाहेर फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह दर गिअरला हेच करतो. आवाजाची हौस असेल तर सेन्सर त्या व्हॉल्व्हच्या पुढे, थ्रॉटलकडे न्यावा. नाहीतर व्हॉल्व्हची हवा पुन्हा टर्बोच्या तोंडाशी, सेन्सर आणि टर्बो यांच्या मध्ये परत जोडावी.