शोग्रेन विकाराची लक्षणे

शोग्रेन विकार हा वर्षानुवर्षे चालणारा ऑटोइम्यून आजार आहे. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींत ठाण मांडतात, ग्रंथींचे पाझरणे कमी होते आणि डोळे व तोंड कोरडे पडते. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन (१८९९–१९८६) यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना त्रास चाळिशी ते साठीच्या दरम्यान जाणवू लागतो. हा आजार एकटा येतो, तसा संधिवात किंवा ल्यूपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड यांना ग्रासणारा दुसरा ऑटोइम्यून आजार) यांच्या जोडीनेही येतो.

निदान लांबते याचे मोठे कारण म्हणजे तक्रारी वेगवेगळ्या दारांत जातात. कोल्हापुरातली बाई डोळे चुरचुरतात म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाते, दात किडले म्हणून दातांच्या दवाखान्यात, बोटे आखडतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे. प्रत्येक ठिकाणी त्या-त्या दुखण्यापुरते औषध मिळते आणि बेरीज कोणीच करत नाही. ती बेरीज पाच प्रश्नांनी होते. तीन महिन्यांहून अधिक काळ रोज डोळे कोरडे वाटतात का? डोळ्यांत वाळू गेल्यागत वारंवार खुपते का? दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा डोळ्यांत थेंब घालावे लागतात का? तीन महिन्यांहून अधिक काळ रोज तोंड कोरडे असते का? कोरडा घास गिळायला नेहमी पाणी लागते का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढची तपासणी करावी.

डोळे : ‘डोळे कोरडे झालेत’ असे सहसा कोणी म्हणत नाही. डोळ्यांत कचरा आहे, आग होते, सकाळी पापण्या चिकटतात, दिव्याकडे बघवत नाही, असे म्हणतात. कोपऱ्यात दोऱ्यासारखा चिकट पांढरा स्राव साचतो. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येणे थांबले, ही तर फार बोलकी खूण आहे. नजर अंधुक होते, चार वेळा पापणी लववली की क्षणभर स्वच्छ होते. हुपरीच्या चांदीकामासारखे एकटक पाहण्याचे काम असले की पापणी कमी लवते आणि त्रास वाढतो. गुऱ्हाळाच्या हंगामात चुलवाणात चिपाडे जळत असताना शेजारी बसणे, दुचाकीवर चष्म्याशिवाय जाणे, पंख्याचा वारा थेट तोंडावर घेणे, हे सगळे राहिलेले अश्रूही सुकवते. पावसाळ्यात हवा दमट झाली की अनेकींना बरे वाटते. तो हवेचा गुण असतो, आजार गेलेला नसतो.

तोंड : जेवणाच्या ताटावर हा आजार लवकर दिसतो. भाकरीचा कोरडा घास तोंडात गोळा होऊन फिरतो, टाळ्याला चिकटतो, आणि माणूस प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेतो किंवा भाकरी रश्श्यात चुरून खातो. सुक्या कांदा-लसूण चटणीने किंवा तांबड्या रश्श्याने तोंडाची आग होते. लोक म्हणतात, ‘तिखट सोसत नाही’. खरे तर तिखटाला सौम्य करणारी लाळच उरलेली नसते. जीभ लाल, गुळगुळीत आणि भेगाळलेली दिसते, जिभेखाली लाळेचे तळे साचत नाही. तपासताना दंतवैद्याचा आरसा गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो. रात्री पाण्यासाठी दोन-तीनदा उठावे लागते. ओठांचे कोपरे फाटतात, बुरशीचा संसर्ग होतो.

दातांचे नुकसान सर्वांत महागात पडते. एरवी कीड दाढांच्या खळग्यांत लागते. इथे ती हिरडीलगत मुळाशी आणि समोरच्या दातांच्या कडांवर लागते, रोज नीट घासणाऱ्यांच्याही. लाळ आम्ल धुऊन काढते आणि दाताला खनिज परत देते; ती गेली की दात उघडे पडतात. त्यातच तोंडाला पाणी सुटावे म्हणून गुळाचा खडा, खडीसाखर किंवा लिमलेटची गोळी चघळली जाते. कोल्हापुरात गूळ घरोघरी असल्यामुळे हा उपाय सहज सुचतो, आणि दात त्यानेच लवकर जातात. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनी ती सोडणे आवश्यक आहे. कोरड्या हिरडीला तंबाखू अधिकच जाळते.

कानाखालची लाळग्रंथी कधी एका, कधी दोन्ही बाजूंनी सुजते. मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा ‘गालगुंड’ होत असेल तर शोग्रेनची शंका घ्यावी.

उरलेले शरीर : थकवा हे बहुतेकींचे मुख्य गाऱ्हाणे असते. झोप होऊनही अंग जड राहते, आणि घरचे त्याला आळस म्हणतात. हा अन्याय आहे. सांधे दुखतात, पण संधिवातासारखी हाडे सहसा झिजत नाहीत. कातडी रखरखीत होते, कोरडा खोकला रेंगाळतो, थंड पाण्यात बोटे पांढरी-निळी पडतात, पायांना मुंग्या येतात. योनिमार्गाच्या कोरडेपणामुळे संबंध वेदनादायक होतात, पण बाई ते आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. एक लक्षण विशेष लक्षात ठेवावे : सकाळी उठताना अचानक हातापायांतली ताकद गेलेली असते. मूत्रपिंडाच्या नलिकांवर आजाराचा घाला पडला की रक्तात आम्ल साचते, पोटॅशियम लघवीतून निसटते आणि स्नायू लुळे पडतात. याला लकवा समजून घरी थांबू नये, तातडीने पोटॅशियम तपासावे.

तपासण्या : शर्मर चाचणीत ५ मिमी रुंद, ३५ मिमी लांब टिपकागदाची पट्टी टोकाला दुमडून खालच्या पापणीच्या बाहेरच्या भागात अडकवतात. डोळा बधिर करत नाहीत. ५ मिनिटांत ओल ५ मिमी किंवा कमी चढली तर अश्रू अपुरे आहेत. पट्टी बुबुळाला टोचली की डोळा पाणावतो आणि निकाल खोटा चांगला येतो. नुकतेच थेंब घातले असले तरी तसेच होते. लाळ मोजण्यासाठी काही न खाता-पिता १५ मिनिटे कपात लाळ सोडतात, १.५ मिलिलिटर किंवा कमी म्हणजे कमी लाळ. रक्तात अँटी-रो हे प्रतिपिंड (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली अँटीबॉडी) पाहतात. ते सर्वांत मिळत नाही, म्हणून ते निगेटिव्ह आले तरी शंका दाट असल्यास खालच्या ओठाच्या आतून लहान ग्रंथी काढून बायोप्सी करतात. शोग्रेन ठरवण्यासाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत अँटी-रो आणि बायोप्सीला ३-३ गुण आहेत. शर्मर, लाळ आणि बुबुळाची रंगचाचणी (डोळ्यात रंग टाकून पृष्ठभागावरची इजा पाहणे) यांना १-१. बेरीज ४ झाली की निदान धरतात. संधिवातासाठी रक्तात तपासला जाणारा ‘आरए फॅक्टर’ शोग्रेनमध्येही अनेकदा पॉझिटिव्ह येतो आणि तेवढ्यावर संधिवाताचा शिक्का बसतो.

प्रत्येक कोरडेपणा शोग्रेनचा नसतो. सर्दी-खाजेच्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलिन (नैराश्य आणि नसांच्या दुखण्यावरचे औषध), लघवी रोखणारी औषधे, मधुमेह, हेपटायटिस सी आणि मानेला दिलेले रेडिएशन यांनीही तोंड वाळते. म्हणून चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने सगळे कागद एका फाइलमध्ये घालून न्यावेत.

काळजी : कृत्रिम अश्रूंचे थेंब त्रास होण्याआधी, ठरलेल्या वेळी घालावेत. दिवसातून चार ते सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण थेंब टिकवण्यासाठी घातलेले बेंझाल्कोनियम क्लोराइड बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा करते. मध, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यांत घालू नये. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीशिवाय आणून वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो. पाणी घोट-घोट घ्यावे. साखरविरहित च्युइंगगम चालते. फ्लोराइडयुक्त पेस्टने घासून चूळ न भरता फक्त थुंकावे आणि दर काही महिन्यांनी दात दाखवावेत. पायलोकार्पिनच्या गोळीने लाळ वाढते, पण घामही सुटतो. आटोक्यात नसलेला दमा असल्यास ती देत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध सांधे व पुरळासाठी असते, कोरडेपणा त्याने फारसा हटत नाही. ते चालू असेपर्यंत दृष्टिपटलाची तपासणी चुकवू नये.

न उतरणारी, टणक होत जाणारी ग्रंथीची सूज, नडगीवर उठणारे जांभळे ठिपके, रात्रीचा घाम, घटणारे वजन यांपैकी काही दिसले तर लिम्फोमासाठी (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) तपासणी लगेच करावी. या रुग्णांत त्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. अँटी-रो असलेल्या स्त्रीने दिवस राहताच, किंबहुना त्याआधीच, डॉक्टरांना ते सांगावे. हे प्रतिपिंड वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि शंभरात साधारण दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत अडथळा येतो. म्हणून सोळाव्या ते अठराव्या आठवड्यापासून गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी सुरू करतात.