सॉफ्टवेअर अभियंत्याची व्यावसायिक नीती व कायदेशीर जबाबदारी

सॉफ्टवेअर लिहिणे, तपासणे, चालवणे आणि त्यातील माहिती हाताळणे या कामांत अभियंत्यावर येणारी नैतिक बंधने व कायदेशीर दायित्वे. भारतात डॉक्टर किंवा वकिलाला नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही आणि गैरवर्तन केल्यास ती नोंदणी रद्द होऊ शकते. सॉफ्टवेअर अभियंत्याला सनदच नसते, तेव्हा ती जाण्याची भीतीही नसते. अमेरिकेत या शाखेसाठी परवाना परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. परीक्षार्थीच मिळेनात म्हणून २०१९ मध्ये ती गुंडाळावी लागली. भारतात ही जबाबदारी मुख्यतः नोकरीचा करार, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि कॉपीराइट कायदा, १९५७ यांतून ठरते. अभियंत्याने काय उचलले आणि काय उघडले याबाबत हे कायदे कडक आहेत. त्याच्या कोडमुळे काय बिघडले याबाबत बरेच मोघम. ती पोकळी नीतिसंहितेने भरून काढावी अशी अपेक्षा असते.

सर्वाधिक उल्लेखली जाणारी संहिता एसीएम आणि आयईईई कंप्युटर सोसायटी या संगणक व्यावसायिकांच्या संघटनांनी १९९९ मध्ये मिळून स्वीकारली. तिच्या आठ तत्त्वांत पहिले जनहिताचे, दुसरे ग्राहक व मालकाचे. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. सॉफ्टवेअर सुरक्षित आहे, ठरल्याप्रमाणे आहे आणि चाचण्यांतून गेले आहे अशी साधार खात्री असेल तरच त्याला मंजुरी द्यावी, असे ती सांगते.

हे कलम का लागते ते थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्रावरून कळते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. त्यातील एक दोष एका बाइटच्या चलात (बदलती किंमत साठवणाऱ्या जागेत) होता. तपासणी आवश्यक आहे हे दाखवण्यासाठी प्रोग्राम त्या चलात दर फेरीला १ मिळवत असे. बाइटची मर्यादा २५५. त्यामुळे दर २५६ व्या फेरीला चल शून्यावर येई आणि शून्याचा अर्थ ‘तपासू नका’ असा होता. नेमक्या त्या क्षणी चालकाने ‘सेट’ची कळ दाबली की यंत्राचे भाग चुकीच्या जागी असतानाही किरण सुटत. उपाय सोपा होता: १ मिळवत राहण्याऐवजी शून्य नसलेली एक ठरावीक किंमत ठेवणे. खरी चूक त्याआधीची. जुन्या थेरॅक-२० मध्ये असलेले स्वतंत्र यांत्रिक अडसर सॉफ्टवेअरवर विसंबून काढून टाकले होते.

भारतीय कायद्याशी बहुतेकांची गाठ पडते ती नोटीस पिरियडमध्ये. कंपनीची रेपो (कोडचा साठा) स्वतःच्या खात्यावर ढकलणे म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार विनापरवानगी नक्कल. त्यासाठी भरपाई द्यावी लागते. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच कोटी रुपयांपर्यंतचे भरपाईचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात; महाराष्ट्रात त्यासाठी मंत्रालय गाठावे लागते. ‘कोड मीच लिहिला होता’ हा बचाव टिकत नाही, कारण कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास, नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मात्र राजीनाम्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये ही अट करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा लागू करता येत नाही. गोपनीयतेची अट मात्र नोकरी सुटल्यावरही टिकू शकते.

फ्रीलान्सरचे गणित उलटे. त्याने लिहिलेला कोड लेखी हस्तांतरणाशिवाय ग्राहकाचा होत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १९ धरून चालते. परदेशी ग्राहकाच्या एका पानी करारात या दोन्ही ओळी सुटलेल्या असू शकतात.

दुसऱ्याच्या यंत्रणेतील कच्चे दुवे शोधणाऱ्या सुरक्षा तपासणीत चांगला हेतू पुरेसा नसतो. कलम ४३ परवानगी होती का एवढेच पाहते. म्हणून कोणते डोमेन, कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखा आणि काय करायचे नाही हे त्या यंत्रणेच्या मालकाच्या सहीने आधी घ्यावे. घुसखोरी किंवा माहितीगळतीसारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावी लागते आणि लॉग (यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. हे निर्देश २८ एप्रिल २०२२ चे. घोटाळा होतो तो तीस दिवसांनी लॉग आपोआप पुसणाऱ्या सेटिंगमुळे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधील २५० कोटी रुपयांपर्यंतचा दंड संस्थेवर आहे, अभियंत्यावर नाही. पण करारामुळे हाती आलेली वैयक्तिक माहिती नुकसान किंवा लाभ करण्याच्या हेतूने फोडणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गळतीची नेहमीची वाट म्हणजे चाचणीसाठी प्रॉडक्शनचा (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस जसाच्या तसा उतरवणे. नावे, फोन व आधार क्रमांक झाकूनच तो खाली आणावा.

धोका दिसूनही रिलीज रेटले जात असेल तर तोंडी कुरकुर कामाची नाही. कोणत्या इनपुटवर काय बिघडते, पुरावा कोणता आणि निर्णय कोणाचा, हे तारखेसह ईमेलवर असावे. सूचिबद्ध कंपनीत कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार तक्रारीची यंत्रणा असावीच लागते आणि गरज पडल्यास लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाता येते.