अंगणवाडीत पाऊल टाकण्याआधीची तीन वर्षे

बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. खडे, शिंपले, पाने, बिया हेच साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तीही ‘अंगणवाडी’ हेच नाव घेऊन.

पण अंगणवाडीत बसून गरम खिचडी खाणारे मूल तीन वर्षांच्या पुढचे. मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ त्याआधीच, घरात होऊन जाते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरपोच आहार मिळतो. २००९ च्या निकषांनुसार त्यात दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने ठरली होती. पाकीट घरात आले की चार तोंडांत वाटले जाते, ही जुनी अडचण.

दुसरी अडचण पातळपणाची. आठ महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावते. वरणाचे पाणी आणि पेज यांनी पोट भरते, अंगी काही लागत नाही. नाचणीची खीर घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही. यावर आपल्याकडची मोडाची नाचणी फार गुणाची. ती उन्हात वाळवून, न भाजता दळायची. शिजलेली घट्ट खीर हाताला सोसेल इतकी निवली की चमचाभर हे पीठ ढवळायचे. मोडातले पाचक द्रव्य पिष्ट फोडते आणि पाणी न घालताच खीर सैल होते. मग पुन्हा एक उकळी आणायची. कढत खिरीत पीठ टाकले तर ते द्रव्य मरते. भाजलेल्या पिठाचेही तेच.

नुसत्या आहाराची मर्यादा जमैकात दिसली. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली खुंटलेल्या वाढीची १२९ बाळे निवडली. काहींना आठवड्याला किलोभर दुधाची पावडर, काहींच्या घरी दर आठवड्याला तासभर आईसोबत खेळ, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या पावडरीचा असा फायदा टिकला नाही.

महाराष्ट्रातल्या तीन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या ‘आरंभ’ उपक्रमाचे पालक मेळावे हेच शिकवतात: भरवताना बाळाकडे बघून बोला, वाटी-चमचा त्याच्या हातात द्या. खुळखुळा घरीच होतो. छोट्या बाटलीत हरभरे घाला, पण झाकण पक्के चिकटवा. सुटलेला दाणा श्वासनलिकेत अडकतो.