आयर्विनला पंचेचाळीस फूट, म्हणजे नेमकं किती पाणी?

पावसाळ्यात सांगलीत नदीची चौकशी केली की उत्तर फुटांत मिळतं. 'आयर्विनला चाळीस झालं' एवढं कानावर आलं, की काठच्या गल्ल्यांत सामान माडीवर चढू लागतं. १९२९ साली खुल्या झालेल्या या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही कृष्णेची इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात पंचगंगेवर, राजाराम बंधाऱ्यापाशी, हेच आकडे ३९ आणि ४३. सांगलीपेक्षा कोल्हापूरची नदी दोन फुटांनी उथळ, असा अर्थ मात्र यातून काढू नये. पातळी मोजायच्या पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळच असतो असं नाही. प्रत्येक ठिकाणी तो सोयीनं ठरवतात आणि समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची नोंदवून ठेवतात. त्यामुळे दोन गावांच्या फुटांची थेट तुलना करण्यात काही अर्थ नाही.

गावाला फूट पुरतात. धरणाचे दरवाजे किती उचलायचे हे ठरवणाऱ्याला मात्र विसर्ग लागतो, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहून जातंय तो आकडा. ११,५७४ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट होतं. पातळी पट्टीवर दिसते, विसर्ग कुठेच दिसत नाही. तो मिळवण्यासाठी नदीवर जावं लागतं, आणि तेच सरितामापन केंद्रावरच्या माणसांचं काम. केंद्रीय जल आयोगाची अशी केंद्रं कृष्णेवर अर्जुनवाड, कुरुंदवाड इथे आहेत. राज्याच्या जलसंपदा विभागाची केंद्रं वेगळी.

रीत जुनी आहे, पण चोख आहे. नदीचं पात्र आडवं धरून त्याचे साधारण पंधरा ते पंचवीस उभे भाग करतात. नावेतून, पुलावरून किंवा तारेवरच्या पाळण्यातून प्रत्येक भागाची खोली घेतात आणि करंट मीटर पाण्यात सोडतात. त्याच्या वाट्या प्रवाहानं फिरतात. ठरावीक सेकंदांत किती फेरे झाले यावरून वेग कळतो. पाणी तळाशी हळू आणि वर जोरात वाहतं, म्हणून मीटर पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट अंतरावर धरतात. तिथला वेग त्या उभ्या रेषेच्या सरासरीच्या जवळ असतो. पाणी खोल असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीवर दोनदा मोजून सरासरी काढतात. दहा मीटर रुंद, चार मीटर खोल भागात वेग सेकंदाला १.२ मीटर असेल, तर तिथून सेकंदाला ४८ घनमीटर, म्हणजे जवळपास १,७०० क्युसेक पाणी जातंय. सगळ्या भागांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग.

मीटर खरं बोलतो की नाही, हेही तपासावं लागतं. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात त्यासाठी लांबलचक हौद आहे. त्यातल्या स्थिर पाण्यातून मीटर ठरावीक वेगानं ओढत नेतात आणि फेरे मोजतात.

पण एवढा खटाटोप तासातासाला करता येत नाही. म्हणून वर्षभर वेगवेगळ्या पातळ्यांवर विसर्ग मोजून आलेखावर बिंदू मांडतात आणि त्यांतून वक्ररेषा काढतात. पुढे पट्टी वाचायची आणि रेषेवरून विसर्ग काढायचा. महापुरात बातम्यांत येणारे नदीच्या विसर्गाचे आकडे बहुतेक अशाच रेषेवरून आलेले असतात, आणि नेमकी तिथेच रेषा सर्वांत कच्ची असते. आयर्विनपाशी २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ साली ५७ च्या पुढे. असं पाणी विरळाच येतं, आणि येतं तेव्हा झाडं, जलपर्णी, ओंडके घेऊन येतं. मीटरखालचं माशाच्या आकाराचं शिशाचं वजनसुद्धा प्रवाहात तिरकं ओढलं जातं. नाव घालणं तर जिवाशी खेळ. मग वर बिंदूच उरत नाहीत आणि रेषा अंदाजानं पुढे ओढावी लागते. माझ्या मते महापुराच्या विसर्गाचा आकडा सांगताना 'सुमारे' हा शब्द गाळायला कायद्यानं बंदी हवी.

दुसरी अडचण त्याहून गमतीची. पूर चढत असताना पाण्याचा उतार जास्त असतो, ओसरताना कमी. त्यामुळे पातळी तीच, पण चढत्या पुरात विसर्ग जास्त आणि उतरत्या पुरात कमी. त्यात आणखी फुगवटा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं, पातळी चढत राहते आणि प्रवाह मात्र मंदावतो. अशा वेळी नुसती पट्टी वाचून विसर्ग काढणारा फसलाच. वाळू उपसली, तळ खचला किंवा गाळ साचला, तरीही जुनी रेषा चुकू लागते. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राचा आडवा छेद नव्यानं घेतात.

आता बऱ्याच केंद्रांवर पुलाला रडारचा सेन्सर असतो, ध्वनिलहरींनी वेग मोजणारा एडीसीपी असतो. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी राज्यानं पाऊस आणि पातळी तत्काळ कळवणारी यंत्रणाही उभारली. तरी सेन्सर बरोबर दाखवतोय का, हे रंगवलेल्या पट्टीशीच ताडून पाहतात. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन दर तासाला पायऱ्या उतरणारे खलाशी म्हणूनच अजून लागतात. उन्हाळा मात्र कंटाळवाणा: पट्ट्या रंगवणं, पाण्याचे आणि गाळाचे नमुने, नोंदवह्या.

या कामात शिरायचे रस्ते बहुधा स्थापत्य अभियांत्रिकीतून जातात. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतून जल आयोगात कनिष्ठ अभियंता, यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून वरची पदं, आणि राज्यात जलसंपदा विभाग. संशोधनाची ओढ असेल तर रुरकीला आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि १९७८ पासून राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही तिथेच आहे.

गोडी लागते का, हे आधी घरबसल्याही पाहता येईल. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची विसर्गाची माहिती सरकार गोपनीय ठेवतं, कृष्णेची तशी नाही. इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी संकेतस्थळावरून एखाद्या केंद्राची पातळी आणि विसर्ग उतरवून घ्या आणि बिंदू मांडून पाहा. ते एका रेषेत बसणार नाहीत. का बसत नाहीत, हे शोधण्यात दुपार कशी गेली ते कळलं नाही, तर हे काम तुम्हाला जमेल.