पार्श्वभूमी: दीवचा मिलिओलाइट, नाव आणि वय

काळा कातळ आणि जांभा पाहून वाढलेल्या कोल्हापूरकराला दीवच्या किल्ल्याचा पिवळसर दगड वालुकाश्म वाटतो. तो चुनखडक आहे. ताज्या तुटलेल्या कडेवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतो. भिंगातून शिंपल्यांचा चुरा आणि सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं दिसतात. यांतल्या मिलिओलिडी कुळावरून १८४९ मध्ये ‘मिलिओलाइट’ हे नाव पडलं.

घोळ तिथूनच सुरू झाला. शैलसमूहाला (एकत्र ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या गटाला) गावाचं, नदीचं किंवा डोंगराचं नाव द्यावं आणि नमुन्याचा छेद, म्हणजे ते थर जिथे प्रमाण म्हणून पाहायचे ती जागा, ठरवून द्यावा, हा आजचा शिरस्ता. इथे नाव दगडातल्या जीवावरून. त्यामुळे तसलेच कण असलेला किनाऱ्यावरचा दगडही मिलिओलाइट आणि सौराष्ट्रात आत, चोटीलाच्या डोंगरउतारावरचाही मिलिओलाइट! मग समुद्र एवढ्या उंचीवर चढला होता का, यावर दशकानुदशकं वाद झडले. वाऱ्याने उडवलेली किनाऱ्याची वाळू डोंगराला अडून साचली, हे स्पष्टीकरण तिरप्या थरांशी जास्त जुळतं. पुढे किनाऱ्यालगतचे, खरोखर समुद्रात साचलेले थर ‘छाया’ शैलसमूह म्हणून वेगळे काढले गेले. जुनं नाव मात्र रूढ म्हणून राहिलं. ते तेव्हाच मोडीत काढायला हवं होतं.

वयाचा प्रश्न त्याहून चिवट. रेडिओकार्बनने येणारी वयं ५० हजार वर्षांच्या आतच राहतात, कारण ती या पद्धतीचीच मर्यादा. त्यात भेसळ आली की संपलंच: कितीही जुन्या नमुन्यात १ टक्का आधुनिक कार्बन मिसळला तरी वय सुमारे ३७ हजार वर्षं निघतं. पावसाचं पाणी चुना विरघळवून पुन्हा कणांच्या फटीत बसवतं, तेव्हा हेच घडतं.

युरेनियमपासून काळानुसार किती थोरियम तयार झालं ते मोजणाऱ्या युरेनियम-थोरियम पद्धतीने साधारण ५० हजार ते २ लाख वर्षं अशी वयं आली. तिथेही गोम आहे. कणांना जोडणारा चुना युरेनियम नंतर घेतो, त्यामुळे अख्खा दगड कुटून केलेल्या चाचणीत कण आणि जोड यांची सरमिसळ होते. शिवाय मातीतून आलेलं थोरियम वजा केलं नाही तर वय फुगतं. म्हणून ओखा परिसरातले प्रवाळ जास्त भरवशाचे. त्यांचा सांगाडा मुळात अ‍ॅरॅगोनाइट या चुन्याच्या खनिजाचा असतो; क्ष-किरण चाचणीत कॅल्साइट, म्हणजे चुन्याचंच दुसरं खनिज, दिसलं तर मूळ सांगाडा बदलला आहे, की तो तुकडा बाद.