जीव वाचल्यानंतरचा प्रश्न: मेंदूची इजा, हक्कांची चळवळ आणि पुणे

अपंग पुनर्वसनाची पुण्यातली परंपरा लष्कराच्या आवारात रुजली. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती खडकीला आली. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभे राहिले. १९७४ मध्ये कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघाले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले आणि पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला लागले.

या कामाचे मोल मोठे आहे. पण त्यातून शहराच्या मनात अपंगत्वाची जी ओळख ठसली ती कुबडी, कॅलिपर आणि चाकाच्या खुर्चीची. डोक्याला मार लागून वाचलेला, चालताबोलता असलेला, पण सकाळी ठरलेले दुपारी न आठवणारा माणूस या ओळखीत बसला नाही. आजही तो नीट बसत नाही.

पहिल्या महायुद्धाने असे सैनिकही हजारोंनी घरी पाठवले होते. जर्मनीत फ्रँकफर्टला कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरांनी मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसाठी संस्था चालवली. रुग्णाला काय येत नाही याची यादी करून ते थांबले नाहीत. तो कोणते काम कसे निभावतो, कुठे अडतो आणि त्या अडचणीतून स्वतः काय वाट काढतो, हे त्यांनी पाहिले. शंभर वर्षांपूर्वीची ती दृष्टी आजच्या कितीतरी तपासण्यांपेक्षा पुढची होती, असे मला वाटते.

तरी मेंदूच्या इजेचा प्रश्न सामाजिक प्रश्न व्हायला १९७०चे दशक उजाडावे लागले. त्याचे कारण वैद्यकातच आहे. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धीची खोली मोजण्याची पट्टी मांडली. आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर ‘जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल) किती आहे’ ते सांगतात, ते तीच. रक्ताची गाठ कवटीत कुठे आहे हे तासाभरात कळू लागले, शस्त्रक्रिया वेळेत होऊ लागली आणि पूर्वी जे दगावले असते ते घरी परतू लागले. घरी परतल्यावर त्यांचे काय करायचे, हे मात्र कुणी ठरवलेले नव्हते. त्या पोकळीतून १९७९ साली ब्रिटनमध्ये हेडवे ही संघटना उभी राहिली. १९८० साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक यांनी, त्यांच्या मुलीला अपघातात मेंदूची इजा झाल्यावर, नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन सुरू केले. त्यांच्यासारख्या, उपचार संपल्यानंतर एकट्या पडलेल्या घरांनी ही चळवळ पुढे नेली. भारतात २००७ साली इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशनची स्थापना झाली तीही जोधपूरच्या राजघराण्यातील युवराज पोलो खेळताना पडून जबर जखमी झाल्यानंतर.

पुण्यात हा प्रश्न दुचाकीवरून आला. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे स्कूटरींचे झाले. आकुर्डीत बजाजचा कारखाना होता आणि घरटी एक गाडी असणे ही अभिमानाची गोष्ट ठरली. मोटार वाहन कायदा १९८८चा; त्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट सक्तीचे आहे. तरी जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी अंमलबजावणी सुरू केली तेव्हा पुण्यात त्याविरुद्ध कृती समिती उभी राहिली, पुणेरी पगड्या घालून मोर्चा निघाला. ते पाहताना वाईट वाटले होते आणि अजून वाटते. बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे, दोघेही मृत्यूंचेच आकडे मांडत होते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील ५० हजारांहून अधिकांनी हेल्मेट घातले नव्हते, हे सरकारी अहवालात सापडते. जे गेले नाहीत त्यांची नोंद मात्र ‘गंभीर जखमी’ एवढीच. मांडीचे हाड मोडलेला आणि मेंदूला कायमची इजा झालेला, दोघे त्याच रकान्यात.

या दोघांच्या पुढच्या आयुष्यात केवढा फरक असतो ते सांगायला हवे. आदळण्याच्या क्षणी मेंदू कवटीच्या आत हेलकावतो. पुढचा भाग हाडाच्या खडबडीत कडांवर घासतो आणि आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. पुढच्या भागाकडे कामांची आखणी, रागावर लगाम, सुरुवात करण्याची उभारी अशी कामे असतात. म्हणून हात-पाय सहा महिन्यांत चालू लागले तरी माणूस आंघोळीला कुणी उठवल्याशिवाय उठत नाही, लक्ष्मी रोडच्या गोंगाटात दहा मिनिटांत गळून जातो, क्षुल्लक गोष्टीवरून घरच्यांवर धावून जातो. शिवाय काहींना आपल्यात काही बदलले आहे हेच जाणवत नाही. ती जाणीव देणाऱ्या यंत्रणेलाच इजा झालेली असते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘दिसतो तर ठणठणीत.’ बायको म्हणते, ‘हे पहिल्यासारखे राहिले नाहीत.’ दोघांचेही खरे असते.

कायद्याने या माणसाला कसे पाहिले? १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होऊन गेले, तरी सर्वंकष कायदा यायला १९९५ उजाडले. अपंगहक्कांचे कार्यकर्ते जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत रेटा लावला तेव्हा तो संसदेत मंजूर झाला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व होते. बौद्धिक अपंगत्वाची व्याख्या ‘मनाची वाढ खुंटलेली किंवा अपुरी’ अशा शब्दांत होती. तिशीत अपघात झालेल्या माणसाच्या मेंदूची वाढ पूर्ण झालेली होती, त्यामुळे तो तिथे नाही. हात-पाय हलतात, त्यामुळे अस्थिव्यंगातही नाही. मग काही घरांनी मनोरुग्ण म्हणून अपंगत्वाचा दाखला काढला, काहींनी अर्धांगवायूच्या टक्क्यांवर भागवले, आणि बहुतेकांनी दाखल्याचा नादच सोडला.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अपंगहक्क कराराला मान्यता दिली, त्यातून २०१६चा नवा कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले. ॲसिडहल्ल्यात होरपळलेले, थॅलेसेमियाचे, पार्किन्सन्सचे रुग्ण आले. मेंदूची इजा नावाने आली नाही. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स यांसारखे जुनाट मज्जासंस्थेचे विकार’ अशी शब्दरचना परिशिष्टात आहे, आणि ‘यांसारखे’ या शब्दात मेंदूच्या इजेलाही जागा आहे असे म्हणता येते. पण असे म्हणण्यासाठी भांडावे लागते. शिवाय सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या कलम ३४ मध्ये हा गट मुळातच नाही. कलम २० सांगते की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आले तर नोकरीवरून काढता येणार नाही आणि हुद्दाही उतरवता येणार नाही. चाकण किंवा रांजणगावच्या खासगी कारखान्यात कंत्राटावर असलेल्या पोराला त्या कलमाचा काय उपयोग?

खरी अडचण मोजमापाची आहे. दाखल्यावर अपंगत्वाची चाळीस टक्क्यांची रेषा ओलांडली तरच बहुतेक सवलती मिळतात आणि दाखल्याच्या तपासणीत टेबलापलीकडून पाच मिनिटांत हात वर करा, बोटे मिटा, नाव सांगा एवढेच विचारले गेले, तर हा माणूस उत्तीर्ण होतो. ती पाच मिनिटे त्याला जमतात. दिवस जमत नाही. एखाद्या सरकारी रुग्णालयातून रिकाम्या हाताने परतलेल्या आया-बहिणींकडून हे पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. न्यायालयांनी या बाबतीत जास्त समज दाखवली आहे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात भरपाईच्या निकालात स्पष्ट केले की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईचे तेवढेच नुकसान असे यांत्रिकपणे धरू नये. त्या माणसाच्या व्यवसायावर काय परिणाम झाला ते पाहावे. २०२० साली मेंदूला अतिगंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांभाळणाऱ्या माणसांचा खर्च पुढच्या वर्षांचा गुणक लावून, म्हणजे वर्षाच्या खर्चाला ठरावीक आकड्याने गुणून, धरला. मोटार अपघाताचा दावा चालवणाऱ्या प्रत्येक घराने हे दोन मुद्दे वकिलापाशी काढावेत. ते आपणहून निघतीलच असे नसते.

ही माहिती घरांपर्यंत पोहोचते कशी? बहुतेक वेळा दुसऱ्या घराकडून. इथे पुण्याची दुसरी परंपरा कामाला येते, आणि ती लष्करी परंपरेइतकीच मोलाची आहे.

१९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याशी बोलतो, ही तिथल्या कामाची एक भक्कम बाजू. आणि रुग्णांच्या बायकांचा आपला वेगळा ‘सहचरी’ गट. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि रुग्णांचे व नातेवाइकांचे स्वमदत गट नेमाने भरू लागले. पार्किन्सन्स मित्रमंडळ आले, अपस्माराच्या रुग्णांसाठी संवेदना फाउंडेशन आले. आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची रीत या गटांत रुळली. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात बापू ट्रस्ट सुरू करून आणखी पुढचा प्रश्न घातला: मानसिक त्रास असलेल्या माणसाचा निर्णय दुसऱ्याने का घ्यावा? कोल्हापूरकडे पाहिले तर नसीमा हुरजूक यांना ऐन तरुणपणी पक्षाघाताने खुर्चीला खिळल्यावर उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः तशाच अवस्थेत राहून व्यवसाय करत होते, गाडी चालवत होते. त्याच सुमारास, १९७२ साली, अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि सोबत्यांनी स्वतंत्र जगण्याचे केंद्र काढले तेव्हा त्याच्याही मुळाशी हेच होते, की अपंगाला वाट दाखवायला अपंगच हवा.

मेंदूच्या इजेत या विचाराला विशेष जोर येतो. ज्याला आपल्यातला बदल जाणवतच नाही, त्याला बायकोने सांगितले की ती कटकट वाटते, डॉक्टरांनी सांगितले की अपमान वाटतो. समोर बसलेला दुसरा अपघातग्रस्त जेव्हा म्हणतो, ‘दादा, मीपण गॅस चालू ठेवून विसरायचो, आता मोबाइलला गजर लावतो,’ तेव्हा ते आत उतरते. मात्र बाकीच्या गटांची पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. दोन तासांचे व्याख्यान इथे निरुपयोगी. एका वेळी एकानेच बोलायचे, विषय फळ्यावर लिहून ठेवायचा, मध्ये विश्रांती हवी, बैठक सकाळची हवी कारण संध्याकाळपर्यंत डोके थकलेले असते, आदल्या दिवशी आणि त्याच दिवशीही फोन करायचा. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना शब्द सापडेपर्यंत गप्प बसून थांबायचे. त्यांचे वाक्य आपण पुरे करायचे नाही. नातेवाइकांची बैठक वेगळी, कारण नवऱ्यासमोर बायको ‘मला आता झेपत नाही’ असे म्हणू शकत नाही आणि आईसमोर मुलगा ‘ही मला एकटे सोडतच नाही’ असे म्हणू शकत नाही.

इथेच हक्कांच्या चळवळीतला एक अवघड पेच उभा राहतो. ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नको’ ही अपंग चळवळीची जगभरची घोषणा. मेंदूच्या इजेच्या बाबतीत मात्र दिव्यांग आयुक्तालयात जाते आई, बँकेत सही करते बायको, वकिलाशी बोलतो भाऊ. त्यांनी ओझे वाहिले म्हणून हे प्रकरण इथवर आले, त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. तरी २०१६च्या कायद्यातील कलम १४ मर्यादित पालकत्वाचे आहे: विशिष्ट निर्णयापुरते, विशिष्ट काळापुरते आणि त्या माणसाशी सल्लामसलत करून. सरसकट सगळे निर्णय काढून घेणे या कायद्याला अभिप्रेत नाही. हिशेब चुकतो म्हणून कुठे राहायचे, कुणाला भेटायचे हेही दुसऱ्याने ठरवावे, हा अन्याय आहे आणि तो प्रेमापोटी होतो म्हणून कमी ठरत नाही.

राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. मागणी घेऊन जायला लांब जावे लागत नाही. मेंदूची इजा परिशिष्टात नावानिशी यावी, मूल्यांकनात स्मृती, थकवा आणि वर्तन मोजणाऱ्या चाचण्या सक्तीच्या व्हाव्यात, घरच्यांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून घ्यावे, आणि डिस्चार्जच्या कागदावर पुनर्वसनाची व आधारगटाची माहिती छापलेली असावी. यांतली शेवटची गोष्ट करायला कायदा बदलावा लागत नाही, एखाद्या रुग्णालयाने उद्या ठरवले तरी होईल.

त्याआधी मोजदादीचा प्रश्न येणार आहे. २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग नोंदले गेले; त्यांतील ४९ लाखांहून अधिक ‘इतर’ या रकान्यात होते. मेंदूच्या इजेला वेगळी जागा नव्हती, आणि कितीतरी घरांनी अपंगत्वाच्या प्रश्नाला ‘कुणी नाही’ असेच उत्तर दिले असणार. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ज्या घरात असा माणूस आहे त्यांनी प्रगणकाला काय सांगायचे ते आधी बसून ठरवावे, त्या माणसालाही विचारावे, आणि ‘दिसत नाही, पण आहे’ असे सांगून नोंद करून घ्यावी.