वस्तीचा कौल, माणसाचं मत

मतमोजणी संपून बूथनिहाय आकडे हाती आले की नकाशे रंगायला लागतात. हा भाग अमक्या पक्षाचा बालेकिल्ला, रस्त्यापलीकडची वस्ती तमक्याची. पाठोपाठ कोणीतरी म्हणतं, ‘तिकडे भाडेकरू जास्त आहेत ना, त्यांचीच ही मतं.’ पहिलं विधान मोजून केलेलं असतं, दुसरं मात्र अंदाजाने. मतदान गुप्त असल्यामुळे आपल्यासमोर येते ती फक्त केंद्राची बेरीज. तीत कोणाचं मत कुठे गेलं, याचा मागमूस नसतो.

हा अंदाज किती फसवा ठरू शकतो, हे समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी 1950 साली दाखवलं. त्यांचं उदाहरण मतदानाचं नव्हतं. अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेतल्या साक्षरतेचं होतं. राज्यांची तुलना केली तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती सोबत वाढतात किंवा उलट दिशेने जातात याचं उणे 1 ते अधिक 1 मधलं माप, होता उणे 0.53 च्या आसपास. तेवढ्यावरून कोणीही म्हणेल की स्थलांतरित जास्त शिकलेले होते. पण एकेका माणसाची नोंद पाहिली तर सहसंबंध अधिक 0.12 च्या जवळपास, म्हणजे स्थलांतरितांमध्ये निरक्षरता थोडी जास्तच होती. झालं होतं असं, की स्थलांतरित ज्या राज्यांत वसले तिथले मूळचे रहिवासीच अधिक साक्षर होते. शेजाऱ्यांचं श्रेय पाहुण्यांच्या खात्यावर जमा झालं. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला संख्याशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, आणि निवडणुकीनंतरच्या चर्चांमध्ये ती सर्रास होते.

मग बूथच्या आकड्यांतून काहीच कळत नाही का? कळतं, पण मर्यादेत. समाजशास्त्रज्ञ ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डेव्हिस यांनी 1953 मध्ये सुचवलेली रीत अगदी शाळकरी अंकगणिताची आहे. समजा, एका केंद्रावर 1000 जणांनी मत दिलं. त्यांत 600 भाडेकरू, 400 घरमालक. ‘अ’ पक्षाला 700 मतं पडली. सगळ्या 400 मालकांनी ‘अ’ला मत दिलं असं धरलं, तरी उरलेली 300 मतं भाडेकरूंचीच असणार. म्हणजे निदान निम्मे भाडेकरू ‘अ’च्या बाजूने होते, हे छातीठोकपणे सांगता येतं. जास्तीत जास्त किती? सगळेच असू शकतात. मालकांचा आकडा तर 100 ते 400 यांच्यात कुठेही बसतो. भाडेकरूंनी एकगठ्ठा मतदान केलं असेल, किंवा मालकांनी एकगठ्ठा केलं असेल आणि भाडेकरू निम्मे-निम्मे फुटले असतील. दोन्ही कहाण्या त्याच 700 मतांत बसतात.

आता भाडेकरू 950 धरा आणि मालक 50. ‘अ’ची मतं तीच, 700. भाडेकरूंचा आकडा आता 68 ते 74 टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात अडकतो. त्या 50 मालकांबद्दल मात्र आपण पूर्ण अंधारात: एकानेही ‘अ’ला मत दिलं नसेल किंवा सगळ्यांनीच दिलं असेल. वस्ती जितकी एकजिनसी, तितका बहुसंख्यांचा अंदाज पक्का आणि अल्पसंख्यांचा कोरा. ‘बालेकिल्ल्यातल्या’ विरोधकांबद्दल इतक्या ठामपणे लिहिलं जातं, ते कशाच्या बळावर, हे मला तरी कळलेलं नाही.

एका वस्तीतली माणसं सारखं मतदान का करतात, याचीही दोन उत्तरं संभवतात. एक म्हणजे सारख्या मिळकतीची, सारख्या गरजांची माणसं मुळातच एका ठिकाणी येऊन राहतात. त्यासाठी कट्टरपणाही लागत नाही. शेजारी निदान थोडेफार तरी आपल्यासारखे असावेत, एवढी सौम्य इच्छा असली तरी वस्त्या झपाट्याने वेगळ्या होत जातात, हे अर्थतज्ज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 च्या प्रारूपात दाखवलं.

दुसरं उत्तर शेजाराच्या प्रभावाचं. तो प्रयोगाने तपासणं अवघड, पण मत कोणाला दिलं याऐवजी मत द्यायला गेला की नाही हे पाहिलं, तर जमतं. अमेरिकेत कोणी मतदान केलं, ही नोंद सार्वजनिक असते. ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या राज्यशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये मिशिगन राज्यातल्या एका प्राथमिक (पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीआधी सुमारे 1 लाख 80 हजार कुटुंबांवर प्रयोग केला. काहींना पाठवलेल्या पत्रात त्यांची आणि शेजाऱ्यांची मागची मतदान-नोंद छापली होती आणि निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू, असं बजावलं होतं. ज्यांना काहीच पत्र गेलं नाही त्यांच्यात मतदान 29.7 टक्के झालं, या गटात 37.8 टक्के. एका कागदाने आठ टक्क्यांची वाढ! शेजारी काय म्हणतील, ही धास्ती कमी लेखू नये. (अशी पत्रं पाठवणं सभ्यपणाचं आहे का, हा वाद वेगळा.)

मतदानाला येणं-न येणं नकाशावरचा रंगही बदलू शकतं. यादीत दोन पक्षांचे 500-500 पाठीराखे आहेत असं माना. यंदा ‘अ’चे 60 टक्के आणि ‘ब’चे 50 टक्के आले: 300 विरुद्ध 250. पुढच्या वेळी हेच प्रमाण उलटलं, तर ‘ब’ तितक्याच फरकाने जिंकेल. वस्तीने कौल फिरवला, अशी बातमी होईल. प्रत्यक्षात एकाही माणसाने पक्ष बदललेला नसेल. मन बदललं की फक्त हजेरी, हे ओळखायला त्याच माणसांना दोन्ही निवडणुकांनंतर विचारावं लागतं. मधल्या काळात त्यांतल्या काहींनी घरं बदललेली असतात, म्हणून त्यांचे नवे पत्तेही शोधावे लागतात.